शेवंड, सिकेरी, १९७८

आधी खिसे रिकामे करा. फोन इथेच ठेवा, तिकडे त्याला रेंज देणारं कुणी नाही. पाचशेच्या नोटाही काढा. मोरारजी देसाईंच्या सरकारने जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या आहेत. पाचशेची नोट यायला १९८७ उजाडणार आहे. तुम्ही उतरणार आहात त्या डिसेंबरात शंभराची नोट हीच सगळ्यात मोठी. चिपवालं कार्ड तर दाखवूही नका. कॅशियर ते दोन्ही बाजूंनी बघेल आणि मॅनेजरला हाक मारेल. त्यापेक्षा हे घ्या, शंभराच्या नोटांनी फुगलेलं पाकीट. कुणाचं ते विचारू नका. रुंद कॉलरचा शर्ट, खाली बेलबॉटम, आणि रात्रीसाठी एक कोट. तो काखेत काचेल, पण ज्या टेबलावर तुम्हाला बसायचंय तिथे कोट असलेला बरा.

विमानाने जाता आलं असतं. पण त्या काळी मुंबईहून गोव्याला निघायचं आणि बोट चुकवायची, म्हणजे करंटेपणाच. सकाळी दहाला भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटते, ‘कोकण सेवक’ किंवा ‘कोकण शक्ती’, जी त्या दिवशी असेल ती. डेकवर चादर पसरली की तेवढी जागा तुमची. नाताळ तीन दिवसांवर आलाय, त्यामुळे चादरींमधून पाय ठेवायला जागा नाही. केकचे डबे आहेत, व्हायोलिनच्या पेट्या आहेत, आणि पत्र्याच्या ट्रंका तर मोजायच्याच नाहीत.

तुमच्या शेजारच्या ट्रंकेवर पन्नाशीचा एक गृहस्थ बसलाय. धोबीतलावच्या कुडात राहतो. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेला आसरा. एक मोठी खोली, भिंतीला ओळीने ट्रंका, एका टोकाला देव्हारा, आणि बोटीवर नोकरी लागेपर्यंत थांबलेले पुरुष. हा गृहस्थ तीस वर्षं बोटींवर स्वयंपाकी होता. पहिली दोन वर्षं त्याला फक्त बटाटे सोलायला दिले, तिसऱ्या वर्षी सूपापर्यंत मजल गेली. सॉस कधी आले, असं तुम्ही विचारता. तो हसतो. ‘सॉस शिकवत नाहीत, सॉस चोरायचे असतात.’ मग तो डब्यातला चॉरिस-पाव तुमच्यापुढे करतो, आणि रत्नागिरीच्या आसपास केव्हातरी ट्रंकेला पाठ लावून झोपून जातो.

हा माणूस लक्षात ठेवा. उद्या रात्री त्याचं काम पडणार आहे.

उजाडताना डाव्या हाताला आग्वादचा डोंगर येतो. पोर्तुगिजांनी हा किल्ला १६१२ मध्ये उभा केला, एक डचांच्या धास्तीने आणि दुसरं इथल्या गोड्या पाण्यासाठी. लिस्बनहून महिनोन्‌महिने खारं पाणी कापत आलेली जहाजं इथे पिंपं भरून घेत. माथ्यावर १८६४ चं दीपगृह दिसतं. दोनच वर्षांपूर्वी त्याला निवृत्त करून शेजारी नवं दीपगृह लावलंय. डोंगराच्या उत्तर अंगाला, सिकेरीला, समुद्रात घुसलेल्या खालच्या बुरुजाच्या सोबतीने, एक नवी बांधणी आहे. ताजवाल्यांनी १९७४ मध्ये उघडलेलं फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट ते हेच. रात्रीचं तुमचं टेबल तिथे आहे.

बोट वळसा घेऊन मांडवीत शिरते आणि त्याच डोंगराची दक्षिण बाजू समोर येते. तिथे पायथ्याशी तुरुंग आहे, आणि १९७८ मध्ये तो चालू तुरुंग आहे. १९५५ च्या गोवा सत्याग्रहानंतर नानासाहेब गोरे याच आग्वादच्या कैदेत होते. या डिसेंबरात ते लंडनला भारताचे हायकमिशनर आहेत. एकाच टेकडीच्या एका कुशीत पंचतारांकित खोल्या आणि दुसरीत कोठड्या. गोव्याच्या इतिहासाला असली मांडणी करताना कुणाची परवानगी लागत नाही.

पणजीहून टॅक्सी मांडवीच्या पुलावर चढते. हा पूल १९८६ च्या पावसाळ्यात कोसळणार आहे, हे ड्रायव्हरला सांगू नका. सांगून उपयोग नाही आणि त्याचं लक्ष गाडीवर असलेलं बरं. पर्वरीचा चढ, मग कांदोळीची शेतं. आज तुम्ही या रस्त्यावर अर्धा तास अडकून पडता, दोन्ही बाजूंना पाट्या वाचत. त्या दिवशी वाटेत माड, वाळूच्या टेकड्या आणि एक म्हैस एवढंच आहे. कळंगुट-हणजूणकडे हिप्पी आहेत, पण ते या हॉटेलात जेवायला येत नाहीत. युरोपातून थेट चार्टर विमानं उतरायला अजून काही वर्षं आहेत. किनाऱ्यावर शॅकांची रांग नाही. समोर रुतून बसलेलं ‘रिव्हर प्रिन्सेस’ जहाजही नाही, ते २००० च्या पावसाळ्यात येऊन अडकेल आणि तिथून हलायला बारा वर्षं घेईल.

जेवणाला वेळ आहे. सूर्य सहानंतर लगेच बुडतो, त्याआधी खाली वाळूत उतरा.

रापण ओढली जातेय. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेलं जाळं आत समुद्रात आहे आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर. एकेका दोराला पंचवीस-तीस माणसं. दोर कमरेशी धरून ती पाठमोरी मागे मागे येतात. सगळ्यात मागचा माडांपर्यंत पोचला की दोर सोडतो, धावत पाण्याशी जातो आणि पुन्हा पहिला होतो. हॉटेलातला एक गोरा पाहुणा गंमत म्हणून दोराला हात लावतो. कुणी त्याला हाकलत नाही, पण त्याने ओढलं म्हणून दोराला काही फरकही पडत नाही. दोन्ही टोकं हळूहळू जवळ येतात, बायका पाट्या घेऊन सरसावतात, आणि मग पाण्याच्या कडेला एकदम रुपेरी खळबळ. बांगडे. थोडे तारले. एक वागळी, तिला लगेच बाजूला फेकतात.

तुम्हाला हा ढीग केवढातरी वाटतो. ओढणाऱ्यांना वाटत नाही. एक म्हातारा जाळं झटकता झटकता क्षितिजाकडे हनुवटी करतो. तिथे तीन यंत्रबोटी आहेत. सरकारी कर्जावर घेतलेले हे ट्रॉलर परदेशात जाणाऱ्या कोळंबीसाठी समुद्राचा तळ खरवडतात. कोळंबी उथळ पाण्यात असते, म्हणून तेही उथळ पाण्यात येतात, म्हणजे थेट रापणीच्या अंगणात. बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागण्याआधीच विस्कटतो. गोव्याचे रापणकार गेली काही वर्षं यावरून रस्त्यावर आहेत. माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढे आहेत. १९८० मध्ये गोवा, दमण आणि दीवसाठी सागरी मासेमारीचा कायदा होईल आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात यंत्रबोटींना मज्जाव होईल. म्हाताऱ्याला ते माहीत नाही. कायदा झाल्यावरही ट्रॉलर रात्री आत यायचे थांबणार नाहीत, हे मात्र त्याला आत्ताच माहीत असावं, असं त्याच्या हनुवटीवरून वाटतं. त्याच्या नातवंडांच्या काळात प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करायची टूम निघेल, केंद्र सरकार २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घालेल, आणि तरी किनाऱ्यावरून रात्री तो पांढरा उजेड दिसत राहील. आज मात्र क्षितिजावर तीन पिवळट ठिपके आहेत, बस्स.

आता कोट चढवा आणि वर चला.

टेबल समुद्राकडे तोंड करून आहे. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार, त्यामुळे समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. दीपगृहाचा झोत माथ्यावरून फिरून जातो. बुरुजाच्या काळ्या दगडांवर लाट आपटली की खारट तुषार रुमालापर्यंत येतात. कोपऱ्यात चौघांचा बँड आहे. सॅक्सोफोन वाजवणारा डोळे मिटून कुठलीशी जुनी इंग्रजी धून वाजवतोय. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षं निम्मी वाद्यं गोंयकारांच्या हातात होती, त्यातलाच हा कुणी परतलेला असेल. आजूबाजूच्या टेबलांवर मुंबईचे कंपनीवाले, एक पारशी कुटुंब, दोन-तीन युरोपियन जोडपी. दिल्लीत पंतप्रधान साऱ्या देशात दारूबंदी आणायचं म्हणताहेत, मुंबईत पेल्याला परमिट लागतं, आणि इथे प्रत्येक टेबलावर ग्लास आहे. मोरारजींच्या नावाने दोन टेबलं पलीकडे कुणीतरी मनापासून ‘चिअर्स’ करतं.

वाइनची यादी फार आशेने उघडू नका. आयात जवळजवळ बंद, देशी वाइन म्हणजे औषधाच्या बाटलीची थोरली बहीण. ‘सुला’ १९९९ मध्ये निघेल. तोवर नाशिकची द्राक्षं बहुतेक करून खाण्यासाठीच आहेत. बिअर मागवा.

वेटर पेडण्याचा आहे. पहिली दहा मिनिटं तो तुमच्याशी इंग्रजीतच बोलतो, फार जपून, जणू प्रत्येक शब्दाला इस्त्री आहे. मेन्यूही इंग्रजी-फ्रेंच. प्रॉन कॉकटेल, फिश म्युनिए, लॉबस्टर थर्मिडॉर. हुमण नाही. तळलेला बांगडाही नाही. खाली वाळूत ज्यासाठी साठ माणसं तासभर राबली, तो मासा या कार्डावर कुठेच नाही.

यावर चिडायचा मोह होतो, कारण तुम्ही पुढच्या शतकातून आला आहात. तिथे प्रत्येक बड्या हॉटेलात ‘गोवन फिश करी’ला मानाचं पान असतं, शेफ टेबलाशी येऊन आजीची आठवण सांगतो आणि कोकमाच्या आगळालाही गावाचं नाव लागतं. १९७८ चं हे कार्ड तुम्हाला गोऱ्यांची नक्कल वाटेल. जरा थांबा. आधी जेवा.

प्रॉन कॉकटेल उंच काचेच्या पेल्यात येतं. तळाशी चिरलेली लेट्यूस, वर गुलाबी सॉसमध्ये न्हालेल्या कोळंब्या, काठावर लिंबाची फोड. सॉस म्हणजे मेयोनीज, टोमॅटो केचप आणि चिमूटभर तिखट. त्या काळात ही मोठी ऐट होती. खरं सांगायचं तर कोळंबी इतकी ताजी आहे की सॉसने तिचं फारसं काही बिघडवलेलं नाही. ही कोळंबी त्या तीन ठिपक्यांपैकी एखाद्याने आणली असणार. म्हातारा आणि तुम्ही एकाच समुद्राच्या दोन काठांना आहात, आणि तुमचा काठ जास्त गार आहे.

मग शेवंड येते.

वेटर झाकण उचलतो. लांबीत दुभंगलेलं केशरी-तांबूस कवच, त्यात भरलेलं मांस, वर सोनेरी-तपकिरी पापुद्रा, अजून बुडबुडतोय. आधी वास येतो, राई आणि ब्रँडी, त्यामागून लोणी. युरोपातल्या लॉबस्टरला दोन जाडजूड नांग्या असतात आणि त्यांतलं मांस मऊ असतं. आपल्या शेवंडीला नांग्या नाहीतच, नुसत्या काटेरी लांबलचक मिशा, आणि सारं मांस शेपटीत. ते मांस घट्ट. दोन मिनिटं जास्त शिजलं की रबर. इथे ते रबर झालेलं नाही. काटा लावला की तुकडा सुटतो, दाताखाली किंचित विरोध करतो आणि मग गोड लागतो, खाऱ्या पाण्यातच जमणारा तो गोडवा. सॉस त्याच्यावर बसत नाही, मागे उभा राहतो. राई फक्त शेवटी नाकात कळते. तुम्ही पुढच्या पन्नास वर्षांत मोठमोठ्या हॉटेलांत शेवंड खाल्ली आहे, नाहीतर खाणार आहात. इतकी नेमकी क्वचित.

आणि इथेच वारा फिरतो. आतापर्यंत समुद्राकडून येत होता, आता जमिनीकडून येतो आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून एक वेगळाच वास आणतो. वाटलेलं ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, आणि त्यावर तो उग्र, लिंबासारखा झणका, जो फक्त तिरफळाचा असतो. बांगड्याचं हुमण. काटा हातातच राहतो.

‘हा वास कसला?’ तुम्ही मराठीत विचारता.

वेटरचा चेहरा बदलतो. इंग्रजी गळून पडतं. ‘तुमी मुंबयचे?’ मग जरा ओशाळून, ‘तें आमचें जेवण, साहेब. स्टाफाचें.’

‘मला मिळेल?’

‘तें कार्डार ना.’

‘कार्डावर नाही म्हणूनच विचारतोय.’

तो इकडेतिकडे बघतो. पारशी कुटुंब आइस्क्रीममध्ये गुंतलंय, कॅप्टन लांब आहे. पाच मिनिटांनी तो एक सूपाचा बाउल आणतो. वर नॅपकिन टाकलेला, पकडल्या गेलेल्या माणसासारखा झाकून आणलेला. शेजारी बशीत उकड्या तांदळाचा भात. लाल रस्सा, त्यात बांगड्याचे दोन तुकडे आणि चार-पाच तिरफळं. काट्याने खाता येणार नाही, हे त्याला आणि तुम्हाला एकदमच कळतं. तो वळून बँडकडे बघत उभा राहतो. तुम्ही हाताने जेवता.

आता खरी गंमत. हुमण उत्तम आहे, पण ते थर्मिडॉरहून वरचढ नाही. असं लिहायला आवडलं असतं. वाचणाऱ्यालाही आवडलं असतं, साधं जेवण, आईच्या हातची चव, राजाचा मुकुट पडला वगैरे. पण स्टाफसाठी पन्नास माणसांचं एकदम रांधलेलं हुमण आणि एका टेबलासाठी एका माणसाने डोळ्यांत तेल घालून केलेली शेवंड, यांची तुलना करायची तर शेवंड जिंकते. रस्सा जरा पातळ आहे. बांगडा मात्र रापणीतला असावा, इतका ताजा.

बाउल आणि बशी दोन्ही रिकामी होत आलीत तेवढ्यात स्वयंपाकी स्वतः बाहेर येतो. पांढरा कोट, गळ्यात क्रूस, बाह्या कोपरापर्यंत वर. वेटरने आत जाऊन सांगितलेलं दिसतं. त्याचा चेहरा प्रसन्न नाही.

‘कडी खाल्ली?’ तो विचारतो. वेटर ज्याला हुमण म्हणेल त्याला हा कडी म्हणतो. वेटर हिंदू, हा किरिस्तांव, बांगडा एकच.

‘छान होती.’

‘ती म्हजी घरकान्नूय करता.’ माझी बायकोही करते. मग मुंबईच्या मराठीत, कारण तुम्हाला ते नीट कळावं असं त्याला वाटतंय. ‘कडीसाठी इथे कशाला आलात? माझ्या घरी चला, ती वाढेल. शेवंड कशी झाली ते सांगा.’

तुम्ही सांगता. सॉस मागे उभा राहिला, हे तुम्ही जमेल तसं सांगता. त्याच्या खांद्यांतला ताण उतरतो. तो शेजारची खुर्ची ओढत नाही, ते नियमात नाही, पण टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवतो आणि बोलायला लागतो.

तोही कुडातूनच गेला. आधी बोट, मग मुंबईच्या हॉटेलांची स्वयंपाकघरं. मुंबईच्या ताजमध्ये मिगेल आर्कान्जो मास्कारेन्यस होते, सगळे त्यांना मास्की म्हणत. गोव्याचा माणूस, आणि त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्यांचा शब्द शेवटचा. मास्कींचं नाव घेताना तो गवयी गुरूचं नाव घेताना धरतात तसा कान धरत नाही, पण बोटं टेबलावरून उचलतो. थर्मिडॉरचं तंत्र त्याच परंपरेतून उतरत आलं. शेवंड किती मिनिटं उकडायची, कवच मोडू न देता मांस कसं सोडवायचं. वाइन आटल्याशिवाय राई घालायची नाही. अंड्याचा बलक आचेवरून उतरवल्यावर. ‘फ्रेंच चीज कुठून आणू? अमूलचं डब्यातलं घेतो. मग राई थोडी जास्त लागते, नाहीतर सगळं गुळगुळीत होतं.’ नांग्या नसलेल्या शेवंडीसाठी सॉस कमी करायचा, हे कुठल्या फ्रेंच पुस्तकात नव्हतं. ते इथेच, चुकून चुकून, कुणीतरी बसवलं.

थर्मिडॉर हे व्हिक्टोरिएन सार्दू नावाच्या नाटककाराच्या १८९१ मधल्या नाटकाच्या नावावरून आलेलं. पॅरिसमध्ये ते नाटक दोन-चार प्रयोगांत बंद पडलं, पदार्थ टिकला. पण पॅरिसपासून सिकेरीपर्यंत तो आला तो बोटींवर बटाटे सोलणाऱ्या आणि सॉस चोरणाऱ्या माणसांच्या हातांतून. तुमच्या डेकवरच्या शेजाऱ्याने त्याला असंच मुंबईपर्यंत पोचवलं असेल. तुम्ही ज्याला परक्यांची नक्कल म्हणायला निघाला होतात, ती गोव्यातल्या पुरुषांच्या दोन-तीन पिढ्यांची मजुरी आहे. हुमण गोव्याच्या घरात जन्मलं आणि घरातच राहिलं. थर्मिडॉर मात्र गोंयकाराने परदेशात, परक्या मालकाच्या हाताखाली, स्वतःच्या जिवावर मिळवलं. म्हणून या स्वयंपाक्याला कडीचं कौतुक झोंबतं. घरी फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं कौतुक करून तुम्ही त्याच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीकडे दुर्लक्ष केलं, असं त्याला वाटतं. त्याचं चुकत नाही.

चाळीस वर्षांनी पारडं पुरतं उलटेल. थर्मिडॉर जुनाट म्हणून कार्डांवरून गळेल, आणि ज्याला आज नॅपकिनखाली लपवून आणावं लागतं तेच हुमण महागाच्या पानावर जाईल. त्याच्या बायकोची कडी करायला इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली मुलं येतील. ती छानच करतील, आजीचं नाव घेऊन. पण थर्मिडॉरच्या बाबतीत कुणाच्या आजोबाचं नाव घेतलं जाणार नाही. ते पुरुष होते, नोकर होते, आणि त्यांनी शिजवलेलं दुसऱ्या देशाचं होतं. आपल्याकडे वारशाची व्याख्या एवढी सोयीची आहे की त्यात घाम गाळून मिळवलेलं काही बसत नाही.

हे तुम्ही त्याला सांगायला तोंड उघडता आणि मिटता. १९७८ मधल्या माणसाला २०१८ चा मेन्यू सांगून काय होणार? त्यापेक्षा प्रश्न विचारा. ‘बांगडा इथे का नाही देत?’

‘देईन की,’ तो म्हणतो. ‘कुणी मागितलं तर. मुंबईचे साहेब लोक इथे येतात ते घरचं विसरायला. तुमचंच बघा, पहिल्यांदा काय मागवलंत?’

खरं आहे. शेवंडच मागवली होती.

गोड काही हवं का, वेटर पुन्हा इंग्रजीत विचारतो, कारण कॅप्टन जवळ आलाय. कॅरमल कस्टर्ड आहे, आणि नाताळ म्हणून बेबिंका. बेबिंका घ्या. एकेक थर भाजून त्यावर पुढचा ओतलेला, सात थर तरी असतीलच. तो इथे कार्डावर आहे, हे ध्यानात घ्या. गोड असेल तर घरचं चालतं, सणाचं म्हणून. रोजचं मात्र चालत नाही.

बिल येतं. शेवंडीची किंमत बघून तुम्हाला हसू येतं, आणि मग त्या काळच्या पगाराच्या हिशेबाने हसू मावळतं. रापणीच्या दोराला असलेल्या एका माणसाला एवढे पैसे मिळायला किती दिवस दोर ओढावा लागेल, याचा हिशेब मनात सुरू होतो. तो तिथेच सोडा, उत्तर तुम्हाला आवडणार नाही. शंभराच्या नोटा एकेक करून मोजा. हुमणाची ओळ बिलात नाही. असणार कशी, त्याचा आकडाच ठरलेला नाही.

स्वयंपाकी आत जायला निघतो. जाता जाता तो तुमची शेवंडीची रिकामी कवचं स्वतः उचलतो, वेटरला हात लावू देत नाही. ‘ह्यांचं उद्या सूप,’ तो म्हणतो. ‘भाजायची, ठेचायची, मंद आचेवर चार तास. उद्या असाल तर या.’ तुम्ही नाही म्हणता, उद्या तुम्हाला परत जायचंय. किती लांब ते सांगत नाही. तो मान हलवतो आणि दारातून ओरडतो, पाचव्या टेबलाला अजून दोन थर्मिडॉर, राई बेतानं.